हरकतदादांचा सत्कार

"यात काहीतरी काळंबेरं आहे," हरकतदादा म्हणाले आणि पत्र उजेडात धरून त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं.

पत्र कारखान्याच्या मॅनेजरचं होतं. पत्र्याचे डबे करणाऱ्या त्या कारखान्यात चौतीस वर्षं युनियन चालवून दादा येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होते. गेटसमोर बसथांबा, कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर, वस्तीत दवाखाना, हे सगळं त्यांनी भांडून आणलं होतं. तेव्हा या समाजसेवेबद्दल शुक्रवारी चार वाजता कॅन्टीनमध्ये त्यांचा सत्कार, असं पत्रात लिहिलं होतं. मॅनेजमेंटचा कागद आला की आधी हरकत घ्यायची, मग वाचायचा, ही दादांची रीत. नाव त्यावरूनच पडलेलं.

"अहो, सत्कार आहे, नोटीस नाही," बायको बॅगेत कपडे रचत म्हणाली. शनिवारी सकाळी सातच्या गाडीनं दोघं मुलीकडे जाणार होते. नात तीन महिन्यांची झाली तरी आजोबांना मीटिंगांतून सवड मिळाली नव्हती. "दोनदा तिकिटं रद्द केलीत. या वेळी गाडी चुकली तर मी एकटी जाईन आणि परत येणार नाही."

"अगं, माझं तोंड बघायला नको म्हणून ज्यानं केबिनला मागून दार पाडून घेतलं, तो मला फुलं देणार? खांद्यावर हात टाकून फोटो काढतील. लोक म्हणतील, जाता जाता म्हातारा फितूर झाला!" दादा म्हणाले. खरं म्हणजे सत्कार त्यांना मनापासून हवा होता. भीती वाटत होती ती त्यामुळेच.

सोमवारी त्यांनी अकरा हरकतींचं निवेदन दिलं. सत्कार शिफ्टच्या वेळेत का, मॅनेजर आधी का बोलणार, मानपत्राचा मसुदा आधी का दाखवला नाही, वगैरे. मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं. नऊ हरकती मान्य.

"नऊ? एका दिवसात?" दादा ताडकन उठले. "पाळणाघराला सहा वर्षं लागली होती!"

"मग मिटवायचं ना, दादा?" चिटणीस बाईंनी विचारलं. पॅकिंग विभागातल्या या बाई दादांनंतर युनियन सांभाळणार होत्या.

"वेडी का काय तू? एवढ्या सहज मान्य झालं, म्हणजे आपलंच मागायला चुकलं. आणखी चार घाल."

गुरुवारी सगळा कारखाना काळ्या फिती लावून कामावर आला. लाडक्या नेत्याच्या सत्काराचा निषेध लाडक्या नेत्याचेच लोक का करतायत, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पण दादांनी फीत लाव म्हटलं की लावायची.

शुक्रवारी चार वाजता कॅन्टीन खचाखच भरलं. पुष्पगुच्छ पाण्याच्या बादलीत उभा होता आणि टेबलापाशी वाटाघाटी चालूच होत्या. बाकी सगळं मिटलं होतं. घोडं अडलं होतं फोटोत मॅनेजरचा हात कुठे असावा यावर. मॅनेजमेंट म्हणत होती, दादांच्या खांद्यावर. युनियन म्हणत होती, स्वतःच्या खिशात.

तेवढ्यात ऑफिसातला कारकून खाकरला. "साहेब, करारातलं कलम सतरा. वाद मिटेपर्यंत संबंधित कामगाराला कामावरून कमी करता येत नाही. म्हणजे दादांना आज निवृत्त करता येणार नाही. उद्यापासून सकाळी सातला पत्रा दाबायच्या प्रेसवर हजर."

ते कलम दादांनी एक्केचाळीस दिवसांच्या संपानंतर मिळवलेलं होतं.

"आलं ना बाहेर!" दादा ओरडले. "मला अडकवायचा डाव होता!"

"दादा, मी तुम्हाला अडकवीन?" मॅनेजर रडकुंडीला आला. "मी दिवस मोजतोय हो!"

आणि मग दादांना सातची गाडी आठवली. मान कापून देतील पण स्वतःचं कलम मोडणार नाहीत, असा माणूस. ते मटकन खाली बसले.

पहिल्या रांगेतून बायको उठली. "वाद यांच्या सत्काराचाच ना? मग यांचा करूच नका, माझा करा. युनियनच्या निम्म्या मीटिंगा माझ्या स्वयंपाकघरात झाल्या. संपात चाळीस माणसं माझ्या हातचं जेवली. ती काय समाजसेवा नव्हती?"

"मान्य," मॅनेजर म्हणाला.

"मान्य," चिटणीस बाई म्हणाल्या.

सव्वाचारला वाद मिटला. मानपत्र वाचून झालं, टाळ्यांनी छपराचे पत्रे हादरले. सवयीनं दादा हरकत घ्यायला उठले खरे, पण डोळे भरून आले आणि तेही टाळ्याच वाजवू लागले.

घरी जाताना पुष्पगुच्छ दादांच्या हातात होता. कोपऱ्यावर ते एकदम थांबले.

"मानपत्रावर तुझं नाव होतं. छापील! पाच मिनिटांत कसं छापून आलं?"

"बुधवारी टाकलं होतं छापायला. मॅनेजरसाहेबांना भेटून आले होते."

"आणि कलम सतरा?"

"कारकुनाला मीच दाखवलं. नाहीतर तुम्ही मिटवलं असतंत थोडंच? संपात तो करार रात्रभर बसून मीच लिहून काढला होता, विसरलात?"

चौतीस वर्षांत दादांचा संशय पहिल्यांदाच पुरता खरा ठरला होता, आणि घोषणा कुणाच्या नावानं द्यायच्या ते कळत नव्हतं.

"म्हणजे तू मॅनेजमेंटशी गुप्त बोलणी केलीस?"

"केली. चला आता, तुमचे सदरे भरायचे राहिलेत. आणि गाडीत खिडकीची जागा माझी."

"यावर चर्चा होऊ शकते," दादा म्हणाले.

"नाही होऊ शकत," ती म्हणाली आणि आपला पुष्पगुच्छ त्यांच्या हातातून काढून घेऊन पुढे चालू लागली.