मथुराबाईंचं जेवणखातं

एका जंगलात, बाळांनो, सागाची पानं इतकी गळायची, की ओढ्याकाठची पायवाट बुजूनच जायला हवी होती. पण ती बुजत नव्हती. कारण तिथे मथुरा नावाची एक गोगलगाय राहायची.

मथुराला कुजकी पानं फार आवडायची. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात होते. आई खोबरं खवते ना, तशी ती पानं खरवडायची. मध्येच थोडी बुरशी चाखायची. शंख मऊ पडू नये म्हणून चुनखडीचा दगड चाटायची.

एकदा सिंहमहाराज त्या वाटेनं गेले. स्वच्छ वाट बघून खूश झाले.

"हे काम कोण करतं?"

"काम नाही हो महाराज," मथुरा लाजून म्हणाली. "मी आपली जेवते."

"केवढी ही नम्रता!" महाराज गहिवरले. त्यांनी तिथल्या तिथे पर्णनिर्मूलन खातं काढलं. मथुराला प्रमुख केलं. सचिव व्हायला बगळेसाहेब एका पायावर तयार होते.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी एक लांबलचक अर्ज आणला.

"मथुराबाई, कोणतं पान, केवढं, कुठल्या टोकापासून खाणार, ते आधी लिहून द्यायचं. मंजुरी आली की खायचं."

"मंजुरीला किती दिवस लागतात?"

"घाई? तुम्हाला? शोभतं का बाई!"

मंजुरी आली, तोवर ते पान वाऱ्यानं उडून गेलं होतं. मथुरानं नवा अर्ज भरला. शिवाय टेकडीवर बैठका असायच्या. तिथे पोचायला तिला आठ दिवस लागत, आणि पोचल्यावर कळे की बैठक आठ दिवसांपूर्वीच झाली.

मथुरा वाळली. शंखाच्या कडा पापडासारख्या तुटू लागल्या. एकदा वाटेत छान कुजकं पान दिसलं. तिनं जीभ बाहेर काढली.

"बाई, पदाचा तरी विचार करा!" बगळेसाहेब ओरडले.

तिनं जीभ आत घेतली.

पानांचे ढीग साचले. एके सकाळी महाराज त्यावरून घसरले आणि त्यांचा पाय मुरगळला. लगेच चौकशी बसली.

"तुमच्या कारकिर्दीत पानं वाढली. तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला भूक लागलीय," मथुरा म्हणाली.

'खुलासा समाधानकारक नाही,' असं साहेबांनी लिहून घेतलं. मथुराला निलंबित केलं.

"यापुढे सरकारी पानांना हात लावायचा नाही!"

"मला हात नाहीत, साहेब. तोंड लावलं तर?"

साहेबांनी नियम चाळले. तोंडाबद्दल त्यात काहीच नव्हतं.

मथुरा सरपटत जवळच्या ढिगात शिरली. पहिल्याच घासाला तिचे डोळे भरून आले. गोगलगायीचे डोळे शिंगांच्या टोकावर असतात, त्यामुळे ते लांबूनही दिसले.

महिनाभरात वाट पुन्हा मोकळी झाली. वेळीच कठोर कारवाई केल्याबद्दल महाराजांनी बगळेसाहेबांना शाल दिली. समारंभाला मथुरा गेली नाही. ती जेवत होती.

तात्पर्य : पोटभर काम करायचं असेल, तर आधी निलंबित व्हावं.