वसंतभाऊंचा ड्रम

वलगावात कुणाच्याही घरी गेलात, तर आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. आमच्या शेजारच्या वसंतभाऊंकडे आधी वास पुढे यायचा. पाहुण्यानं चपला काढल्या न काढल्या, तोच भाऊ ड्रमावरचं फडकं उचलून फर्मावत, "या, हुंगा! माल तयार होऊन राह्यला."

माल म्हणजे झाडांसाठी घरी केलेलं पातळ खत. फुलावर येण्याआधी उपटलेलं गाजरगवत, शेवग्याचा पाला, रुईची पानं, वरून गूळ आणि पाणी. हे सगळं सावलीत आंबतं आणि भाऊ ते काठीनं ढवळतात, तेही एकाच दिशेनं. उलटं ढवळलं तर काय होईल, असं मी एकदा विचारलं. "थे बुचकळ्यात पडते ना वयनी!"

एकदा अचलपूरच्या मेव्हण्यासाठी त्यांनी एसटीतून बाटली नेली. आंबणाऱ्या मालाचं झाकण ढिलं ठेवा, हे साऱ्या गावाला शिकवणाऱ्या भाऊंनी सांडायच्या भीतीनं स्वतःच ते करकचून आवळलं. परतवाड्याच्या अलीकडे बाटली फुटली. कंडक्टरनं भाऊंना उतरवलं, पण त्याआधी बाकीचे प्रवासी आपणहून उतरले होते. घरी आल्यावर भाऊंची छाती फुगलेली. "पुरी गाडी खाली केली मायावाल्या मालानं! दम पाहा त्याचा!"

दम आहे, हे मी मान्य करते. त्या खतावर वाढलेला आमचा कढीपत्ता मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. मोर्शीचे संत्रेवालेसुद्धा भाऊंचा पत्ता विचारत येतात, तेव्हा आमच्या गल्लीला उगाचच मोठेपण येतं.

भाऊंच्या बायकोला, प्रमिलाकाकूंना मात्र त्या वासाचा काही त्रास नव्हता. कोरोनाच्या तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. आम्ही गमतीनं त्यांना नशीबवान म्हणायचो. पण फोडणी करपली तरी कळेना, तेव्हापासून काकूंनी स्वयंपाकातून मनच काढून घेतलं. ज्यांच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक अमरावतीहून यायचे, त्या काकू खिडकीशी गप्प बसून राहू लागल्या.

ड्रम नेमका त्याच खिडकीखाली. यंदा गल्लीनं एकमुखानं सांगितलं, ड्रम शेतात हलवा. भाऊ हटून बसले. मी चिडूनच विचारलं, "भाऊ, शेतात सावली नाही का?"

"हाय ना."

"मग काहून अडून बसलात?"

भाऊंनी आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणे, तिले रोज कडक वास देत जा. कापूर झाला, लवंग झाली, हिंग झाला. याच्याहून कडक काई मले सापडलं नाई, वयनी."

रोज सकाळी मग्गा भरून ते काकूंच्या नाकाशी धरत. "आलं काई?" काकू मान हलवत. "उद्या येईल," म्हणून भाऊ मग्गा झाडाला ओतत. हे कळल्यावर गल्लीत पुन्हा कुणी ड्रमाचं नाव काढलं नाही.

मागच्या आठवड्यात पलीकडून काकूंचा आवाज कडाडला, "शीऽ! कायची घाण हाय हे? हटवा आधी!" मी धावत गेले, तर भाऊ मग्गा हातात धरून अंगणात उभे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वयनी, हिले घाण आली!"

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ड्रम बैलगाडीत चढवला. प्रमिलाकाकू नाकाला पदर लावून आम्हाला रागावत होत्या. भाऊ ड्रमाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर त्या पदरावर होती.