मेलेला माणूस सही करत नाही

घरमालक स्वतःच्या खुनाचा पुरावा काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर आले, तेव्हा चित्रकार दात घासत होता. तोंडात फेस होता आणि नळाला पाणी नव्हतं. सव्वाआठ वाजून गेले होते. या बिल्डिंगमधे सकाळी आठच्या ठोक्याला मालककाका गच्चीवर जात, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करत, गच्चीला कुलूप लावत आणि चावी दोऱ्याने गळ्यात अडकवत. ती चावी ते झोपतानाही काढत नाहीत, असं काकूंचं म्हणणं.

"हा कोण?" काकांनी कॉमिकचा अंक उघडला आणि बाविसाव्या पानावर बोट ठेवलं.

"ओओओआ," चित्रकार फेसातून म्हणाला.

"नीट सांग."

चित्रकाराने इकडेतिकडे बघितलं, थुंकायची सोय नाही म्हणून फेस गिळला आणि म्हणाला, "कोरडोबा. खलनायक आहे. शहराचं पाणी तोडतो."

"कानाखाली तीळ कोणाचा? चष्म्याची काडी दोऱ्याने कोण बांधतं? आणि अंगात चिलखत असताना खांद्यावर टॉवेल कोण टाकतं रे?"

काकांच्या खांद्यावर टॉवेल होता. चित्रकाराच्या तोंडचं उरलंसुरलं पाणीही पळालं.

"काल सलूनमधे बसलो होतो," काका म्हणाले. "तिथे हे पुस्तक पडलेलं. सलूनवाला अर्धी दाढी करून थांबला आणि म्हणाला, 'काका, तुम्ही तर गेलात की.' चार माणसं हसली. अर्ध्या दाढीने हसू ऐकून घ्यावं लागतं. उठताही येत नाही."

आता हे असं का झालं, ते सांगायला हवं. चित्रकार ज्या कॉमिकची चित्रं काढायचा, त्याचा नायक म्हणजे पूर्णविराम. काळा कोट, काळा मुखवटा. पूर्णविराम कोणाला पकडत नाही, समज देत नाही, थेट मारतो. मग नुसतं "संपलं" म्हणतो आणि अंधारात निघून जातो. वाचक खूश. पण एक गोष्ट वाचकांच्या लक्षात येत नाही, ती फक्त चित्रं काढणाऱ्याला कळते. मारणाऱ्या नायकाला दर महिन्याला नवा खलनायक लागतो. एक्केचाळीस अंक, एक्केचाळीस मुडदे, म्हणजे एक्केचाळीस चेहरे. पहिले वीस त्याने डोक्यातून काढले. पुढचे दहा त्याच विसांना मिशा लावून. त्यानंतर मात्र त्याने हात टेकले आणि आजूबाजूला बघायला सुरुवात केली. गॅसवाला गेला. दातांचे डॉक्टर गेले. बस न थांबवणारा कंडक्टर दोन तुकड्यांत गेला. आणि एकदा सकाळी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकावी लागली, त्याच दुपारी मालककाका गेले.

"माझा गुन्हा काय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही पाणी तोडलं. म्हणजे त्याने. शहरातली लहान मुलं तहानेने…"

"मी कधी लहान मुलांना तहानेने मारलं?"

"तसं नाही काका. गोष्टीला गुन्हा मोठा लागतो."

"म्हणजे आधी चेहरा धरलास, मग गुन्हा शोधलास." काका पलंगावर बसले. "बरं. पोलीस?"

"पूर्णविराम पोलिसांकडे जात नाही."

"कोर्ट?"

"कोर्टात वेळ जातो काका. आमची पानं बत्तीस."

"मग मी गुन्हेगार, हे त्याला कोणी सांगितलं?"

"त्याला कळतं."

"आणि चुकला तर?"

साडेतीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वाचकांची पत्रं यायची ती 'पुढचा कसा मरणार' एवढंच विचारायला.

काका उठले. दारात थांबून त्यांनी खोलीकडे बघितलं. मोठी खिडकी, तिच्याखाली चित्राचं टेबल, टेबलावर दिवसभर सारखा पडणारा मऊ उजेड. त्या एका खिडकीसाठी चित्रकार कोरड्या नळाशी दोन वर्षं संसार करत होता. असा उजेड आणि असं भाडं त्याला पुन्हा मिळालं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"करार तीन महिन्यांनी संपतोय ना तुझा?"

"हो. तुम्ही म्हणाला होतात, सही करतो म्हणून."

"म्हणालो होतो. पण मेलेला माणूस सही करत नाही. आधी मला जिवंत कर, मग बघू."

ऑफिसात दोन टेबलं आणि एक संपादक बाई. दुसऱ्या टेबलावर नाना बसत. नाना किरणवीर काढत. किरणवीर म्हणजे पिवळा झगा, गुळगुळीत दाढी, कोणाला नखही न लावणारा.

"कोरडोबाला परत आणायचंय," चित्रकाराने सांगून टाकलं.

"मेलाय तो," बाई म्हणाल्या.

"जुळा भाऊ दाखवू?"

हा पर्याय त्याने काकांपुढेही ठेवून पाहिला होता. काका म्हणाले होते, "तो जगला तर मला काय त्याचं? मी मेलेलाच ना."

"पूर्णविराम मारतो, म्हणून विकतो," बाई म्हणाल्या. "न मारणारा आपल्याकडे एक आहे. नानांचा. त्याचे अंक गठ्ठ्याने परत येतात."

नानांनी ब्रश खाली ठेवला. "हसा. पण माझ्याकडे खलनायक किती? अकरा. चौदा वर्षं त्या अकरांवर काढली मी. माणूस जेलमधे असला, की दोन महिन्यांनी पळून परत कामाला येतो. मला डोळे मिटून काढता येतात ते. हा बघा, आता याला चेहरे मिळेनात. उद्या तुम्हाला काढेल."

बाईंनी चित्रकाराकडे बघितलं. चित्रकाराने खाली बघितलं. तेहतिसाव्या अंकातल्या विषकन्येच्या कपाळावरची आठी बाईंच्या आठीसारखी का, हे अजून कोणी विचारलं नव्हतं. आता बाईंनी तो अंक कपाटातून काढला, आरशासारखा समोर धरला, मिटला आणि परत कपाटात कोंबला.

"तो जिवंत कसा होणार ते पटवून दे," त्या म्हणाल्या. "वाचक मूर्ख नाहीत."

इथेच खरी गोची होती. कॉमिकमधे मुडदा दिसला नाही, की माणूस परत आणता येतो, हे शेंबडं पोरही जाणतं. पण अर्ध्या बादलीचा राग असा, की चित्रकाराने मुडदा अर्धं पान भरून काढला होता. डोळे पांढरे, जीभ बाहेर, वर माश्या. एकेक माशी त्याने मन लावून काढली होती.

तो हात हलवत घरी आला. जिन्यातच काका भेटले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कसा मेलो?"

"पूर्णविरामाने तुम्हाला तुमच्याच टाकीत टाकलं. बुडालात."

"टाकी कुठून बघून काढलीस?"

"आपलीच. गच्चीवरची. फक्त मोठी केली."

"मग विसाव्या पानावर टाकीच्या बाहेरची काचेची नळी बघ. पाणी किती दिसतंय?"

चित्रकाराने अंक उघडला. नळी होती. गच्चीच्या कुलूपबंद दाराच्या फटीतून जशी दिसली तशी काढली होती, सकाळी आठनंतरची. पाणी तळाला, वीतभर.

"गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस बुडेल?" काका म्हणाले.

"पण जीभ बाहेर आहे काका."

"दम लागला की येते."

"आणि माश्या?"

"माश्या फक्त मेलेल्यांवरच बसतात, असा कायदा आहे का? सलूनमधे चार बसल्या होत्या माझ्यावर. उठून बसला तो. टॉवेलने तोंड पुसलं. काढ."

बेचाळिसाव्या अंकात कोरडोबा टाकीत उठून बसला आणि टॉवेलने तोंड पुसलं. पूर्णविराम पुन्हा मारायला निघाला, तेव्हा कोरडोबाने विचारलं, "आणि चुकला असशील तर?" पूर्णविरामाला उत्तर येईना, कारण चित्रकारालाच येत नव्हतं. शेवटी पूर्णविरामाने आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला अटक करायचं ठरवलं. बेड्या नव्हत्या, टॉवेलने हात बांधले. पोलीस ठाणं कुठे आहे हेही त्याला माहीत नव्हतं. कोरडोबानेच रस्ता दाखवला.

बाई म्हणाल्या, बुडणार आपण. पण पत्रांचा नुसता ढीग आला. एकाने लिहिलं, कोरडोबाला आता काय शिक्षा? दुसऱ्याने लिहिलं, तो सुधारला तर? आणि एकाने वहीच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं, 'मग बाकीच्या चाळीस जणांच्या टाक्या कोणी तपासल्या का?'

ते पत्र चित्रकाराने खिशात ठेवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी बस कंडक्टरने त्याच्यासाठी बस थांबवली, तेव्हा तो त्याच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

पुढच्या अंकात कोरडोबा सुधारला. त्याने शहराचा मोठा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उघडला. त्याच्या पुढच्यात तो घरोघर जाऊन गळके नळ दुरुस्त करू लागला, तेही फुकट. चित्रकाराला आता तो चेहरा काढताना मजा येत होती. राग आला की काकांची भुवई कशी उडते, हसू दाबताना गालाला कशी खळी पडते, हे त्याला दोन वर्षं शेजारी राहून दिसलं नव्हतं. काढताना दिसलं.

काकांची छाती फुगली. त्यांनी सहा अंक विकत घेतले आणि स्वतः दारोदार जाऊन भाडेकरूंना वाटले. "वाचा. माझ्यावर आहे," असं सांगत. माणूस आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतो, तो असा.

दुसऱ्या मजल्यावर रिटायर झालेले मास्तर राहत. सगळ्यात आधी त्यांनी वाचलं. रोज आठ वाजता ते गच्चीच्या दारात अंक घेऊन उभे राहू लागले. काका कुलूप लावायला वळले, की मास्तर वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचत, "'पाणी कोणाच्या बापाचं नाही,' कोरडोबा म्हणाला. पान चौदा." मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

काकूंनी तर चौदावं पान कापून स्वयंपाकघरात डब्यांच्या वर चिकटवलं. "पस्तीस वर्षांत घरातला नळ दुरुस्त केला नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि इथे बघा, अख्ख्या गावाचे करत सुटलाय. फुकट. पाना कुठे ठेवलाय तेवढं सांगा."

करार संपायच्या आदल्या संध्याकाळी काका वर आले. चेहरा उतरलेला, हाताला वंगण. खिशातून कराराचे कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवले, वर पेन ठेवलं.

"सही करतो. जागा तुझी," ते म्हणाले. "एक काम कर. मला मारून टाक."

"काय?"

"जमलं तर याच अंकात. चांगलं खोल पाणी दाखव. नळीसुद्धा काठोकाठ भरलेली काढ. शंका नको."

"काका, तुम्हीच म्हणालात, कोर्ट, पुरावा…"

"तेव्हा मला माहीत होतं का, की सुधारायला किती कष्ट पडतात? आज तीन नळ दुरुस्त केले मी. तीन. पहिल्या मजल्यावरची बाई म्हणते, पुस्तकात तर दुपारीही पाणी असतं. मेलो होतो तेव्हा बरा होतो रे. एक दिवस हसली चार माणसं, विषय संपला."

चित्रकाराने कराराकडे बघितलं. खिडकीतून शेवटचा उजेड येत होता. एक सही, आणि खिडकी आपली. काम काय, तर एक पान. असे एक्केचाळीस हातावेगळे केले होते त्याने. कोरा कागद ओढून त्याने टाकी काढली, नळी काढली, काठोकाठ पाणी काढलं. मग चेहऱ्यापाशी आला. चष्मा काढला. दोरा काढला. आणि पेन्सिल थांबली.

काका वाट बघत होते.

"नाही जमत काका."

"का? त्या दिवशी तर माश्यांसकट काढलंस."

"तेव्हा तुमची ओळख नव्हती."

"दोन वर्षं राहतोस इथे."

"राहत होतो. चेहरा आता कळला." त्याने कागद चुरगळला. "खोली राहू दे. बघतो दुसरी."

काकांनी चुरगळलेला कागद उचलून उलगडला. अर्धवट चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. गालाला खळी पडली, ती त्यांनी घाईने पुसली.

"दहा," ते म्हणाले.

"काय दहा?"

"पाणी. दहा वाजेपर्यंत ठेवतो. पण पुस्तकातही दहाच. दहानंतर कोरडोबाही व्हॉल्व्ह बंद करतो, आणि का करतो ते नीट कारणासकट लिहायचं. टाकी एक, घरं सात. शिवाय नळ दुरुस्ती फक्त रविवारी."

"चालेल. सुधारलेला माणूस थोडा तरी वाईट राहिलेला बरा. काढायला सोपा जातो."

काकांनी सही केली, खाली दोन रेघा मारल्या, पेन खिशाला लावलं आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले. जिन्यात कोणी नाही ना ते वाकून बघितलं. मग परत आत येऊन, आवाज खाली आणून म्हणाले,

"पण म्हणजे या महिन्याची मारायची जागा रिकामी राहिली ना तुझी?"

"राहिली खरी."

"दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर. माझी काही हरकत नाही."

"काका, मास्तरांचा गुन्हा काय?"

काकांनी टॉवेल खांद्यावर नीट केला.

"चेहरा मी सांगितला," ते म्हणाले. "गुन्हा तू शोध."