कढईवालीचा हयातीचा दाखला

सन दोन हजार तेवीस. त्या वर्षीच्या ऑगस्टात नागपूर शहरात एका सहा वर्षांच्या मुलीला नाचायची मनाई झाली. जन्मतारखेप्रमाणे मुलीचं वय तेव्हा त्र्याण्णव भरत होतं.

या प्रकरणाला कारण झाल्या तुळजाबाई. गोळीबार चौकाजवळच्या विणकर कोष्ट्याच्या घरातल्या, वय एकोणऐंशी. बावन्न साली त्यांच्या वडिलांनी लुगड्यांचा गठ्ठा बर्डीच्या बाजारात पोचवला आणि त्या खुशीत दोन्ही मुलींना टॉकीजमध्ये एका जुन्या इंग्रजी सिनेमाला नेलं. नाव तेव्हाही जिभेवर बसलं नाही. कुरळ्या केसांची सहा वर्षांची अनाथ पोर एका खडूस हॉटेलवाल्याच्या स्वयंपाकघरात पालथ्या कढयांवर टाचा वाजवत नाचायची, गायची, आणि शेवटी तो खडूस माणूसही ओट्यावर चढून तिच्यासोबत नाचायचा. बहिणींनी तिचं नाव ठेवलं कढईवाली.

दुसऱ्याच दिवशी धाकट्या पार्वतीने सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं चपलेला ठोकली आणि वडिलांच्या मागाच्या ठेक्यावर फरशीवर असा धुमाकूळ घातला की वडिलांनी धोटा थांबवला. रागावतील असं वाटलं, तर म्हणाले, "पारू, जरा हळू. माझा हात तुझ्या पायाच्या मागं पडून राहिला."

आता पार्वतीबाईंचे डोळे जात चालले होते. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या. घरच्यांनी देवस्थानांची यादी केली. पार्वतीबाई म्हणाल्या, "देव मले डोळे मिटूनही दिसते. मले कढईवाली पाहाची आहे."

तुळजाबाईंच्या नातीने, रितिकाने, तासाभरात तो सिनेमा इंटरनेटवरून शोधून काढला. पण मोबाइलवर ती पार्वतीबाईंना मुंगीएवढीही दिसेना, आणि घरच्या टीव्हीवर "नुसतं धुकं नाचून राहिलं वं ताई." मोठ्या पडद्यावर दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. वस्तीतल्या समाजभवनात भिंतभर पडदा होता. तुळजाबाईंनी साध्या कागदावर साधा अर्ज केला. चूक झाली ती एवढीच, की अर्जात त्यांनी खरं लिहिलं: 'सहा वर्षांची मुलगी नाचते व गाते, असा कार्यक्रम.'

समाजभवनाचे व्यवस्थापक बाबनराव यांनी अर्ज दोनदा वाचला. "आजी, अडचण हाये. लहान मुलीच्या कामाले बालकलावंत संरक्षण कक्षाची ना-हरकत लागते."

"अरे बाप्पा, ती पडद्यावर हाये! सिनेमात!"

"पडद्यावर काय, पडद्यामागं काय. नाचते नं?"

"नाचते."

"मग?"

तुळजाबाईंनी अर्जाची घडी घातली. त्या कक्षात गेल्या. कक्षप्रमुख भारती मॅडम मुलांच्या बाबतीत फार हळव्या होत्या. त्यांनी तीनच कागद मागितले: पालकांचं संमतिपत्र, शाळेतल्या हजेरीचा दाखला आणि कढयांवर नाचल्याने गुडघ्यांना अपाय होत नसल्याबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र. जन्मतारखेचा रकाना रितिकाने माहिती काढून प्रामाणिकपणे भरला: एकोणीसशे तीस.

मॅडमनी गणकयंत्र काढलं. चेहरा उजळला. "या तर त्र्याण्णव वर्षांच्या आहेत! मग हा विषय आमचा नाहीच. ज्येष्ठ नागरिक कक्ष, दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर ज्येष्ठांबद्दल तितकाच कळवळा होता. त्र्याण्णव वर्षांच्या बाईला दीड तास नाचवायचं, तर हाडांची तपासणी, रक्तदाब आणि हयातीचा दाखला, अंगठ्यासह. शिवाय अर्जाला जोडलेला सिनेमातला फोटो पाहून त्यांनी शेरा मारला: 'छायाचित्र वयाशी जुळत नाही. अलीकडचे जोडावे.'

अलीकडचा फोटो शोधताना रितिकाने मोबाइल खाली ठेवला. "आजी, ती नऊ वर्षांपूर्वीच वारली."

तुळजाबाई खुर्चीत बसल्या. "असं कसं वं? मले तं वाटे, ती अजून सहाचीच आहे."

ही बातमी त्यांनी आशेने कार्यालयाला कळवली. मेलेल्या माणसाच्या गुडघ्यांची तरी काळजी नसेल! पण त्याने पेच वाढला. कलावंत अल्पवयीन, ज्येष्ठ आणि मृत अशा तिन्ही वर्गांत मोडत होती आणि अर्जाच्या नमुन्यात एकाच चौकोनात खूण करायची सोय होती. अखेर संयुक्त समिती नेमली गेली. समितीने ठरवलं, की सिनेमा प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा. पाहणी त्याच समाजभवनात, त्याच भिंतभर पडद्यावर. अर्जदार व संबंधितांनी बाहेर थांबावं, कारण निर्णय निःपक्ष हवा.

पाहणीला समिती सहकुटुंब आली. आलुबोंडे मागवण्यात आले. दोघी बहिणी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. बंद दारातून हशा आला, मग कढयांवरच्या टाचा आल्या, टक टका टक टक. पार्वतीबाईंचे पाय बाकाखाली हलायला लागले.

"ताई, आता ती मोठ्या कढईवर उडी मारते पाहा."

आत टाळ्या पडल्या.

पाहणीनंतर बाबनराव डोळे पुसत बाहेर आले. "लय भारी सिनेमा हाये, आजी! पण हसण्याच्या आवाजात अर्धे संवाद ऐकूच आले नाही. दुसरी पाहणी ठेवा लागन."

अशा चार पाहण्या झाल्या. सप्टेंबरअखेर परवानगी आली. हयात नसलेल्या अल्पवयीन कलावंताकडून श्रम करून घेता येत नसल्याने, सदर मुलगी ज्या ज्या चित्रचौकटीत दिसते ती वगळून चित्रपट दाखवावा. उरलेला वेळ स्थानिक बालकलागुणांना वाव देण्यासाठी वापरावा. सिनेमा उरला अकरा मिनिटांचा.

ठरल्या रविवारी सकाळी दहाला बालनृत्य स्पर्धा सुरू झाली आणि दोनपर्यंत चालली. तीन वर्षांपासूनची लेकरं ओठ रंगवून, कमरा हलवून, ज्यांचा अर्थ आयांनाही सांगता आला नसता अशा गाण्यांवर नाचली. बाबनरावांची चार वर्षांची नात प्रीती मधेच पावलं विसरली आणि भोकाड पसरून रडायला लागली. खालून तिची आई ओरडली, "हस नं बेटा! कॅमेरा सुरू हाये!"

तुळजाबाई भारती मॅडमकडे वळल्या. "मॅडम, या लेकरांचे दाखले?"

"अहो आजी, ही मुलं काम थोडीच करताहेत? ही हौस आहे."

"कोणाची?"

मॅडमना ऐकू आलं नाही. त्या मोबाइलवर चित्रीकरण करत होत्या.

बक्षिसं वाटून झाल्यावर अकरा मिनिटं सुरू झाली. किटली उकळली. हॉटेलवाला रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून खेकसला, मग रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून विरघळला, आणि ओट्यावर चढून एकटाच नाचायला लागला.

"ताई, हा कोणासोबत नाचून राहिला वं?"

समितीने मुलगी कापली होती, पण तिच्या टाचा कापायच्या राहिल्या होत्या. चित्रात ती नव्हती, आवाज होता. टक टका टक टक. पार्वतीबाई खुर्ची धरून उठल्या. बुचं नव्हती, गुडघे नव्हते म्हटलं तरी चालेल, पण टाच बरोबर समेवर पडली. खुर्चीखाली रुसून बसलेली प्रीती बाहेर आली, क्षणभर बघत राहिली, मग तिनेही टाच आपटली. नंतर दोघी हसत सुटल्या. हे कोणीही चित्रित केलं नाही. बाकीचे निकालाबद्दल भांडत होते.

पुढे बाबनरावांना बढती मिळाली. भारती मॅडमचा बालहक्क रक्षणासाठी सत्कार झाला. स्वागतनृत्य पहिलीतल्या मुलींनी केलं. पार्वतीबाईंना विनापरवाना सादरीकरणाची नोटीस आली. दिवाळीनंतर त्यांना ती दिसत नव्हती, म्हणून तुळजाबाईंनी वाचून दाखवली. पार्वतीबाईंनी ती भिंतीला लावून घेतली. प्रीती दर रविवारी त्यांच्याकडे येते. तिच्या सँडलला बुचं कोणी ठोकली, हे घरात कोणी कबूल करत नाही. रितिका आता अर्ज भरून देते, पण खरं लिहू देत नाही.

कढईवालीची फाइल अजून उघडी आहे. हयातीच्या दाखल्यावरचा एक अंगठा तेवढा बाकी आहे.

प्रीतीच्या रडण्याचा व्हिडिओ मात्र तिच्या आईने त्याच दिवशी इंटरनेटवर टाकला. त्याखाली लाइकचे तीन लाख अंगठे उमटले. तुमचा उजवा अंगठा जरा पाहून घ्या.