खऱ्याहून सरळ गाडी

दातांच्या डॉक्टरांनी सासरी थाप मारली ती इतकीच, की आपण घेतलेली जुन्या घाटाची पांढरी स्पोर्ट्स कार अस्सल आहे. खरं म्हणजे ती गेल्याच वर्षी फायबरच्या साच्यातून निघाली होती. थाप पचलीही असती. पण तसलीच गाडी, अगदी अस्सल, धाकट्या साडूला त्याच्या काकांकडून मिळालेली होती. आणि सासऱ्यांचा फोन आला, "रविवारी दोघंही गाड्या घेऊन या. शेजारीशेजारी उभ्या करून बघू!"

धाकटा जावई देखणा, बोलका, वर गाणाराही. डॉक्टरांना सासरी मान होता तो फक्त खरं बोलणारा माणूस म्हणून, आणि तोच आता जाणार होता.

"अहो, एवढा घाम का फुटलाय?" बायकोने विचारलं. तिलाही तीच थाप मारलेली होती.

"काही नाही गं, गाडी पुसायची राहिलीय."

साडूने पूर्वी कधीतरी पाठवलेले फोटो त्यांनी मोठे करकरून पाहिले आणि कपाळाला हात लावला. अस्सल गाडी हातोडीने ठोकून घडवलेली. तिचा डावा दिवा उजव्यापेक्षा बोटभर वर, दाराची फट वर बारीक तर खाली करंगळी जाईल एवढी, चाकं सायकलची भावंडं शोभतील अशी. डॉक्टरांची गाडी मात्र दोन्ही अंगांनी सारखी, फटी पट्टीने आखलेल्या, चाकं गलेलठ्ठ. तिच्यात एकही चूक नव्हती, पंचाईत तीच होती.

वाकडे दात सरळ करण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने शनिवारी दवाखाना बंद ठेवला आणि सरळ गाडी वाकडी करायला घेतली. दारांच्या कडा दातांच्या ड्रिलने घासल्या. डावा दिवा वर सरकवून खालचं भगदाड दाताच्या सिमेंटने बुजवलं. भंगारवाल्याकडून बारीक चाकं आणली. रंग फारच ताजा दिसतो म्हणून दातांच्या छटांचं कार्ड काढलं आणि पट्टीच्या चहाबाजाची छटा निवडली. बायकोला सांगितलं, आधीच्या मालकाने केलेली डागडुजी काढून मूळ रूप आणतोय. ड्रिल चालवताना सवयीने गाडीला म्हणालेसुद्धा, "जरा झिणझिण्या येतील हं."

रविवारी साडूची गाडी सासऱ्यांच्या फाटकातून आत आली आणि डॉक्टर बघतच राहिले. दिवे एका रेषेत, फटी आखीव, चाकं गलेलठ्ठ, रंग चकाचक.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"तुमच्या गाडीचे फोटो बघितले ना, डॉक्टर," साडू हळूच म्हणाला. "तुमची एवढी सुबक, आणि माझी वाकडीतिकडी. लोकांनी माझीच खोटी ठरवली असती. म्हणून कारागीर लावून सगळी सरळ करून घेतली." मग त्याचं लक्ष डॉक्टरांच्या गाडीकडे गेलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

सासऱ्यांनी चष्मा पुसून दोन्ही गाड्यांना चक्कर मारली. डॉक्टरांच्या डाव्या दिव्यापाशी ते थबकले.

"हा बघा तिरपा दिवा! हाताचं काम म्हणतात ते हे. मशीनला जमेल का असं?" मग ते धाकट्याकडे वळले. "जावईबापू, तुम्हाला मात्र काकांनी फसवलं हो."

साडूच्या बायकोने नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा स्वतःच्याच गाडीमागे सरकला. डॉक्टरांना अगदी भडभडून आलं. मान गेला खड्ड्यात, असं त्यांनी ठरवलं.

"बाबा, त्याचीच खरी आहे. माझी नक्कल आहे. दिवा मी काल तिरपा केला. हे बघा, सिमेंट दाताचं आहे."

सासऱ्यांनी सिमेंटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचे डोळे पाणावले.

"ऐकलंत? साडूची लाज राखायला स्वतःची अस्सल गाडी खोटी म्हणतोय! याला म्हणतात मन!"

"अहो बाबा, खरंच..."

"पुरे! आणखी मोठेपणा नको."

"ह्यांचं पहिल्यापासून हे असंच," बायको डोळे पुसत बहिणीला म्हणाली.

जेवणं झाल्यावर साडूने डॉक्टरांना कोपऱ्यात गाठलं. आपली गाडी खरी आहे यावरचा त्याचाही विश्वास पार उडाला होता.

"डॉक्टर, उपकार विसरणार नाही. फक्त एक काम होतं."

"बोल."

"दिवा असा तिरपा करून देणारा कुणी असला तर पत्ता द्या ना. माझी खोटी तर खोटी, निदान खऱ्यासारखी तरी दिसेल."

"शनिवारी दवाखान्यात घेऊन ये," डॉक्टर म्हणाले.