साहेबांच्या गळ्यातली वीणा

देशाची सुरक्षा आणि गावचा रस्ता या दोन वेगळ्या बाबी आहेत असं मानणं, हा जिवाच्या अज्ञानाचाच एक प्रकार आहे. आम्हीही बरीच वर्षं त्या अज्ञानात होतो. आमच्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य कुमारसाहेब यांनी ते घालवलं.

निवडून आल्याबरोबर साहेबांनी 'राष्ट्रसुरक्षा व पायाभूत विकास समन्वय मंच, भोर-वेल्हे विभाग' स्थापन केला आणि अध्यक्षपदाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेतली. (दुसरा अर्ज आला नव्हता. मागवलाही नव्हता.) मंचाची कामगिरी डोळ्यांत भरण्यासारखी आहे. साहेबांच्या कारकिर्दीत या दोन तालुक्यांत शत्रूचा एकही रणगाडा शिरलेला नाही. त्याआधीही शिरला नव्हता, पण तेव्हा तो योगायोग होता. आता ते नियोजन आहे. समजा, शिवरे फाट्यापाशी हायवे सोडून एखादा रणगाडा आत वळलाच, तर पहिल्याच वळणावर त्याचा पट्टा निखळेल आणि आतले शिपाई टपरीवर चहा पीत गॅरेजवाल्याची वाट बघत बसतील. रस्ता गुळगुळीत केला असता तर ही खात्री कुणी दिली असती?

ओढ्यावरचा साकवही याच धोरणात बसतो. आमच्या गावची एक वाडी ओढ्यापलीकडं, डोंगराच्या अंगाला आहे. तिथं जायला माणसं आणि एखादी दुचाकी जाईल एवढा पूल होता, तो गेल्या पावसात वाहून गेला. वाडीत गेनबा राहतो. त्याची सून रत्ना पोटुशी होती आणि तिचे दिवस भरणार होते ऐन श्रावणात, म्हणजे ओढ्याचं पाणी छातीला लागतं तेव्हा. पावसाच्या आत साकव व्हावा, एवढंच गेनबाचं म्हणणं.

साहेबांनी त्याला शांतपणे समजावलं होतं, "गेनबा, पूल दोन्ही बाजूंनी ओलांडता येतो. आपण फक्त आपल्या बाजूचा विचार करतो."

गेनबा टोपी सारखी करून वाडीकडं निघाला. मला तर ते ऐकताक्षणीच पटलं. समोर उभं राहून, हात वर करून कुणी काहीही सांगितलं की मला पटतं. जन्मभर कीर्तनं ऐकल्याचा हा परिणाम असावा. (डॉक्टरांना विचारलं, त्यावर गोळी नाही.)

आमच्या गावच्या सप्त्याची व्यवस्था माझ्याकडं असते. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि दुसऱ्यानं घेतल्याशिवाय पहिल्यानं जागा सोडायची नाही, हा दंडक. गावात आजवर कुणी मोडला नाही असा हा एवढाच नियम. यंदा काल्याच्या कीर्तनाला, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी, साहेब येणार होते. सत्कार घेऊन लगेच निघणार होते, कारण दुपारी पुण्यात 'सीमेवरील आव्हाने' या विषयावर त्यांना बोलायचं होतं.

आदल्या दिवशी महाप्रसादाच्या वांग्यांची देठं काढत बसलेली गेनबाची बायको, चंद्राबाई, मला म्हणाली, "अण्णा, शाल कशाला देताय त्यास्नी? शालींचं दुकान निघंल त्येंच्या घरी. वीणा घाला गळ्यात."

"मंग?" गेनबानं विचारलं.

"मंग काय. घ्यायची न्हाई कुणी. साकवाचं ठरल्याबिगर."

"आन् टाकून गेले तर?"

"काल्याच्या वीणंला खाली टाकून जातील? मतं मागाया परत येयाचं हाय की त्यास्नी."

हां हां म्हणता ही मसलत गावभर झाली. ज्याला त्याला शपथ घातली गेली. मी तर गळ्यातल्या माळेला हात लावून शब्द दिला.

काल्याच्या सकाळी सगळं ठरल्याप्रमाणं झालं. बुवांनी अभंग थांबवला, मी साहेबांच्या गळ्यात वीणा घातली, फोटो निघाले. साहेब सीमेवर बोलले. फार सुंदर बोलले. मी दोनदा डोळे पुसले. बोलणं संपवून ते वीणा द्यायला वळले, तर समोर अख्खा मंडप हात जोडून बसलेला. टाळकरी गजरात दंग. ड्रायव्हर गोरख बाहेर हॉर्न वाजवत होता, ती साथ समजून मृदंगवाल्यानं लय वाढवली. मतदारसंघात एका जागी साहेब इतका वेळ प्रथमच उभे राहत होते.

गेनबा जवळ गेला. "साहेब, साकवाचं कसं?"

"बघू."

"बघा की. घाई न्हाई. आमी हितंच हाय, तुमीबी हितंच हायसा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बरं, इंजिनिअरला फोन लावतो," म्हणत त्यांनी खिशात हात घातला. साकव आता एका फोनवर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर वर मंडपाच्या कापडाकडं गेली आणि तिथून माझ्यावर उतरली.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "कीर्तन एवढं गोड आणि वर हे फाटकं छत? पक्का सभामंडप पाहिजे हितं. फरशी, पंखे. बारा महिने कीर्तन."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. डोळ्यांपुढं सभामंडप उभा राहिला, पंखे फिरू लागले, अंगावर काटा आला. भानावर आलो तेव्हा वीणा माझ्या गळ्यात होती आणि साहेबांची गाडी वेशीबाहेर.

"तुमच्यापरास मंडपाचा खांब बरा," चंद्राबाई म्हणाली. "त्यानं हात तरी पुढं केला न्हाई."

सभामंडप पावसाच्या आत उभा राहिला. (कामं होत नाहीत ही तक्रार खोटी आहे.) श्रावणात रत्नाला कळा सुरू झाल्या. बांबूला झोळी बांधून चौघांनी तिला छातीभर पाण्यातून अलीकडं आणलं. रुग्णवाहिका पहिल्याच वळणावर रुतली, म्हणजे संरक्षणव्यवस्था चोख असल्याचं सिद्ध झालं. शेवटी बायकांनी लुगडी आडवी धरली आणि सभामंडपाच्या नव्या फरशीवर रत्ना बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

पुढच्याच भाषणात साहेबांनी सभामंडपाची गणना आरोग्यसुविधांत केली. वाडीलाही असाच सभामंडप द्यावा, म्हणजे ओढा ओलांडायची गरजच उरणार नाही, असा प्रस्ताव आता मंचाच्या विचाराधीन आहे. ऐकताना मला तोही पटला.

गाव मला दोष देतं. चंद्राबाई अजून मला चहा विचारत नाही. दोष मला मान्य आहे. फक्त एक तपशील नोंदवतो. मी हात पुढं केला तेव्हा माझ्या पाठीवर रेटा होता. कुणाच्या पोराची बदली अडली होती, कुणाला दारापर्यंत काँक्रीट हवं होतं, कुणाला नुसता साहेबांबरोबर फोटो. साहेब देऊ लागलेत म्हटल्यावर सगळेच उठले होते. मी पुढच्या रांगेत होतो, इतकंच. त्यातला एक हात तर माझ्या खांद्यावरून वीणेपर्यंत पोचलाही होता.

आत्ता हे वाचून 'या माणसानं माती खाल्ली' म्हणालात ना? खुशाल म्हणा. तो हात तुमचा होता, हे मी चंद्राबाईला अजून सांगितलेलं नाही.