वजनाला हलका व्हाइस

रविवारी सकाळी बायको वर खोलीत बॅग भरत होती, आणि कासिआन खाली खाणावळीच्या हॉलमध्ये एकेका टेबलाखाली हात घालून चाचपत होता. पहिल्या टेबलाला खाली खण निघाला. दुसऱ्याला कडेनं चार बोटं रुंद लाकडी पट्टी. तिसऱ्याची फळी एवढी जाड, की तिच्यावर बैल कापावा. कासिआनच्या हातात नवाकोरा व्हाइस होता. टेबलाच्या कडेला तो आवळायचा, त्याच्या जबड्यात स्की उलटी धरायची, की तिच्या पोलादी कडांवर निवांत कानस फिरवता येते. हा तर खास प्रवासात न्यायचा, हलका. हलका म्हणून लहान, आणि लहान म्हणून अख्ख्या हॉलमध्ये तो बसेल असं टेबल एकच होतं.

ते कोपऱ्यातलं, क्रूसाखालचं गोल टेबल. गावातले चार-पाच म्हातारे वर्षानुवर्षं तिथं बसतात. परक्यानं तिथं टेकायचंसुद्धा नसतं, हे तिरोलमध्ये शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. कासिआन आमच्याच खोऱ्यातला. त्याच्या बापानं आमच्या गावातल्या अशाच टेबलावरून एका जर्मन पाहुण्याला सूपच्या बशीसकट उठवलं होतं. तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं असं कोणी मला सांगू नये. पण म्हातारे चर्चमध्ये होते, आणि काम पाच मिनिटांचं होतं.

या पाच मिनिटांनीच त्याच्या बायकोचं, बुर्गीचं, आयुष्य खाल्लं. तीस वर्षांच्या संसारात तिच्या लग्नाचा एकूण एक वाढदिवस बर्फात गेला. लग्न मार्चमध्ये केलं ही तिचीच चूक, दुसरं काय. यंदा मात्र तिनं आधीच बजावलं होतं.

"शनिवार तुझा, रविवार माझा. शनिवारी कुठं घसरायचं तिथं घसर. रविवारी नाश्ता झाला की घाट उतरून थेट ग्रादोला. समुद्राकडे खिडकी असलेली खोली मी घेतलीय. यावेळी काही खुसपट निघालं तर मी एकटी जाईन. आणि परत यायचं की नाही ते तिथं बसून ठरवीन."

कासिआन हो म्हणाला. तो नेहमीच हो म्हणतो, म्हणून तर एवढी वर्षं निभावलं.

हो म्हणून तो व्हाइस निवडायला बसला तो अख्खा हिवाळा. घरी एक होताच, ओतीव लोखंडाचा, बुर्गीच्या स्वयंपाकाच्या ओट्याला कायमचा ठोकलेला. क्नोडेलचे, म्हणजे शिळ्या पावाचे, गोळे वळताना तिचं कोपर त्यावर आपटायचं. तो प्रवासात कसा न्यायचा? मग दुकानादुकानातून व्हाइस मागवले. कोणाचा जबडा अरुंद, कोणाचं रबर निसरडं, कोणाला तीन पाय आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. ज्या काट्यावर बुर्गी मैदा मोजायची त्यावर कासिआन व्हाइस मोजायचा. जायचं होतं गाडीनं. गाडीला काय फरक पडतो? पण हे त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानं सगळ्यात हलका निवडला. आवळायची मूठसुद्धा प्लॅस्टिकची, तेवढंच वजन कमी.

"माझी निवड करताना केला होतास का रे इतका विचार?" बुर्गीनं विचारलं होतं.

"तुझ्यात काय निवडायचं होतं? तू शेजारच्याच घरात होतीस."

तर असा तो व्हाइस. शनिवारी उन्हानं बर्फ पातळ झालेला, खालचे दगड वर आलेले, आणि स्कीच्या कडेला दोन खाचा पडल्या. कासिआनला रात्रभर झोप नाही. समुद्राची हवा खारी. खाच पडलेली कड खाऱ्या हवेत गंजणारच. म्हणजे बघा, बुर्गीच्या समुद्रामुळेच ही कानस मारायची वेळ आली होती. असं तो स्वतःला समजावत होता, आणि त्याला ते लगेच पटलं.

व्हाइस गोल टेबलाच्या कडेला अगदी मापात बसला. स्की चढली, कानस फिरली, खाचा गेल्या. मधे व्हाइस जरा हलला म्हणून कासिआननं मूठ आणखी एक वेढा आवळली, आणि कट् आवाज होऊन ती त्याच्या हातात आली. स्क्रूचं नुसतं थोटूक टेबलाखाली राहिलं, बोटात न येणारं. स्की सोडवता आली, कारण तिचा स्क्रू वेगळा. व्हाइस मात्र टेबलाला जळूसारखा चिकटला.

तेवढ्यात बुर्गी बॅगा घेऊन खाली आली. तिनं टेबल पाहिलं, वरचा क्रूस पाहिला, मग नवरा.

"त्यांच्या टेबलावर?"

"पाच मिनिटं. एक पक्कड मिळाली की झालं."

खाणावळीची मालकीण फिलोमेना काउंटरमागून सगळं बघत होती. "पक्कड? बघते हं," म्हणून ती आत गेली आणि ब्रेडची टोपली घेऊन बाहेर आली. "काही सापडेना. आणि आज रविवार, दुकानं बंद."

मग चर्चची घंटा झाली आणि म्हातारे आले. रविवारचे कोट, टोपीत पीस. सगळ्यात पुढे रोमेड, निवृत्त वनरक्षक, या टेबलाचा कारभारी. त्यानं व्हाइसकडे पाहिलं, त्यावर टोपी अडकवली आणि बसला. बाकीचेही बसले. शिव्या दिल्या असत्या तर कासिआनला बरं वाटलं असतं. त्याला त्यांनी पाहिलंच नाही.

"माफ करा हं," कासिआन टेबलाखालून म्हणाला, "कोणाच्या घरी पक्कड असेल का?"

सगळे खिशात पत्ते चाचपायला लागले. या लोकांच्या घरी ट्रॅक्टर आहेत, करवती आहेत, एकाकडे तर लोहाराची भट्टी आहे.

"पत्त्यांना चौथा कोण?" रोमेडनं विचारलं. "टोनी खुबा मोडून पडलाय." मग तो बुर्गीकडे वळला. "वहिनी, पत्त्यांतलं वाटेन खेळता का?"

"लहानपणी खेळायचे. वडिलांबरोबर."

"मग बसा की. उभ्या का?"

बुर्गी बसली. फिलोमेनानं विचारलं, "काय घेणार ताई?" आणि बुर्गी क्षणभर गोंधळली, कारण बाहेर गेल्यावर कासिआनच दोन बिअर सांगायचा आणि तिला बिअर आवडत नाही.

"पांढरी वाईन," ती म्हणाली. "थंड."

पहिला डाव ती हरली, पुढचे दोन जिंकली. रोमेड म्हणाला, "अहो, तुम्ही तर डोक्यावर मिरे वाटणाऱ्या निघालात." बुर्गी हसली. तिच्या पायांशी गुडघे टेकून तिचा नवरा एकदा दातांनी, एकदा मोज्यानं, एकदा तिच्याच केसांच्या चापानं स्क्रू फिरवत होता. ती हसते कशी हे त्याला फार दिवसांनी ऐकू आलं, पण स्क्रू हलतोय का तिकडे त्याचं लक्ष होतं.

डाव संपला. बुर्गी उठली, फिलोमेनाच्या कानाशी लागून काहीतरी बोलली आणि कोट चढवला.

"कासिआन, निघूया. राहू दे तो लोखंडाचा तुकडा इथंच."

"लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे."

"मी जातेय."

"अगं, पाच मिनिटं. एवढा शोधून शोधून घेतलेला."

ती थोडा वेळ त्याच्या पायांच्या तळव्यांकडे बघत उभी राहिली. टेबलाखालून तेवढेच बाहेर दिसत होते. मग गाडीच्या टपावरून काढून दाराशी उभ्या केलेल्या त्याच्या स्कींच्या शेजारी त्याची बॅग ठेवून ती बाहेर पडली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आवाज बराच वेळ अंगणातच होता. मग गेला.

रोमेडनं पत्ते पिसले. आणखी एक डाव झाला, तिघांचाच. मग फिलोमेनानं घड्याळाकडे पाहिलं, एप्रनच्या खिशातून पक्कड काढली, वाकून एक हिसका दिला आणि व्हाइस टेबलावर ठेवला.

कासिआन टेबलाखालून बाहेर आला. "तुमच्याकडे होती?"

"पहिल्यापासून. आधी म्हटलं, आमच्या टेबलाला हात लावला, बसू दे थोडा खाली. नंतर तुमच्या मिसेसच म्हणाल्या, मी घाट ओलांडेपर्यंत देऊ नका."

"का पण?"

"गाडीत वाट बघते म्हणाल्या. व्हाइस सोडून हात हलवत बाहेर आला तर त्याला घेऊन जाते, म्हणाल्या." फिलोमेनानं टेबल पुसलं. कडेला दोन वळ उठले होते. "पुष्कळ थांबल्या हो. मी खिडकीतून बघत होते, मलाच कसंतरी झालं."

कासिआननं व्हाइसचं रबर अंगठ्यानं पुसलं. ते खरोखरच चांगल्या प्रतीचं होतं.

"आता बस कधी आहे?" त्यानं विचारलं.

"कुठली? दोन आहेत. एक घाट उतरून समुद्राकडे जाते, एक तुमच्या गावाकडे. दोन्ही जेवणानंतर, चौकातूनच."

"समुद्राकडची."

"तिच्यात स्की घेत नाहीत."

कासिआननं दाराकडे पाहिलं. स्की तिथं उभ्या होत्या, कडा लखलखीत, खाच शोधून सापडणार नाही.

"इथं ठेवून गेलो तर?"

"ठेवा की. शेड आहे मागं."

"शेड कोरडी आहे?"

"शेड आहे हो ती."

कासिआन विचार करत दाराशी जाऊन उभा राहिला. शेड दमट असली तर कड गंजणार. स्की घेऊन घरी जावं तर बुर्गी तिकडे. तो असा उभा असतानाच जेवणवेळ उलटली, समोरच्या चौकात समुद्राकडची बस आली, थोडी थांबली आणि गेली. मग गावाकडची आली. ड्रायव्हरनं त्याच्याकडे आणि स्कींकडे बघून दार उघडं धरलं. कासिआननं त्याला हातानं थांबायची खूण केली.

"पाच मिनिटं," तो म्हणाला, "जरा ठरवतो."